प्लॉट नंबर बावीसच्या चार चुली

केजच्या तहसील कचेरीच्या फाटकाला लागून एक लिंबाचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी पत्र्याचं टेबल, टेबलावर कोऱ्या कागदांची चवड, ती वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर ठेवलेला गुळगुळीत गोटा, आणि टेबलामागे उत्तरेश्वर. एकतीस वर्षं ही मांडणी तशीच आहे. कचेरीत साहेब आले आणि गेले, इमारतीला दोनदा रंग लागला, शेजारी संगणकवाले येऊन बसले. पण म्हाताऱ्या माणसांची पावलं अजून याच टेबलाकडे वळतात. त्याला कारण आहे.

उत्तरेश्वर अर्ज लिहून नुसता हातात देत नाही. आधी वाचून दाखवतो. चष्मा कपाळावर चढवतो, कागद हातभर लांब धरतो, घसा साफ करतो आणि 'यांचे सेवेशी'पासून 'आपला नम्र अर्जदार'पर्यंत सगळा मजकूर खणखणीत आवाजात म्हणतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. पण निराधार योजनेचा अर्ज तो वाचू लागला की रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा सायकलवरून पाय खाली टेकतो. ज्या बाईचा अर्ज असतो ती पदराने डोळे टिपते आणि म्हणते, "आस्संच हाय बघा सारं. मलाच सांगता येईना गेलतं." मग अंगठा उमटतो. ऐकवल्याशिवाय सही घ्यायची नाही, हा त्याचा पहिला नेम.

दुसरा नेम असा, की अर्ज लिहिणाऱ्याने बाजू घ्यायची नाही. सकाळी थोरल्या भावाचा अर्ज लिहावा, दुपारी त्याच्याच विरोधात धाकट्याचा, आणि दोघांचे शब्द सारख्याच काळजीने निवडावेत. "मी ढोलकीवाला हाय," तो म्हणायचा. "नाचणारी कुठल्या बी पार्टीची असू द्या, आपण ताल सोडायचा न्हाई."

या दुसऱ्या नेमाने यंदा त्याला चांगलंच कोंडीत पकडलं.

उत्तरेश्वरचं घर कळंब रोडला ज्ञानदीप कॉलनीत, प्लॉट नंबर बावीस. तीस वर्षांपूर्वी शिक्षक मंडळींनी मिळून ही कॉलनी वसवली. एकूण चोवीस प्लॉट. तेव्हा मंजुरीच्या कागदावर एक अट होती: एका भूखंडावर एक घर, एका घरात एक कुटुंब, एकच स्वयंपाकघर. त्या काळी ती अट कुणाला जड वाटली नाही. पोरं लहान होती, बायका तरुण होत्या, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलं घर कधी वेगळं व्हायचं नाही.

उत्तरेश्वरला एकच मुलगी. ती लग्न होऊन लातूरला गेली. वरचा मजला बांधला तो तिच्या हौसेने, आणि मग नुसता रिकामा पडला. पाच वर्षांपूर्वी सुंदरबाई नावाची एक म्हातारी टेबलाशी आली. मुलगा रामेश्वर आणि सून सुनिता दरवर्षी दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे ते सहा महिन्यांनी परतायचे. मागे राहायला घर नव्हतं, आणि दोन नाती बरोबर न्यायच्या म्हणजे शाळा सुटायची. पोरींना वसतिगृहात जागा मिळावी असा अर्ज म्हातारीला हवा होता. उत्तरेश्वरने लिहिला, वाचून दाखवला, आणि वाचताना स्वतःच 'सबब' या शब्दावर अडकला. वसतिगृह आधीच भरलेलं होतं. संध्याकाळी त्याने घरी येऊन ही गोष्ट वनमालाला सांगितली. वनमाला तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग वरचा मजला काय उंदरासाठी बांधलाय?"

अशी सुंदरबाई नातींना घेऊन राहायला आली. मागोमाग इस्त्रीवाला धुळाजी आणि त्याची बायको आली. मग एसटीतली कंडक्टर सायली, तिचा नवरा आणि कडेवरचं बाळ. वर तीन खोल्या, तीन ओटे. खाली वनमालाचा चौथा. पहाटे उत्तरेश्वर अंथरुणात पडल्या पडल्या वरच्या भाकरी ऐकायचा. सुंदरबाईची थाप जड आणि सावकाश. धुळाजीच्या बायकोची दुहेरी, मध्येच एक ठेका जास्तीचा. सायलीला पहिल्या गाडीची ड्यूटी, तिची थाप पळत सुटलेली. खेळाआधी वादक पडद्यामागे आपापलं वाद्य जुळवत बसावेत, तसं त्याला वाटायचं. ते जुळून झालं की तो उठायचा.

कॉलनीला मात्र हे खुपत होतं. कॉलनीचे अध्यक्ष बिभीषण गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, प्लॉट नंबर नऊ. मनाने वाईट माणूस नव्हे. कॉलनीतली झाडं त्यांनी स्वतः बादलीने पाणी घालून जगवलेली. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी नगरपंचायतीकडे लेखी तक्रार केली, आणि श्रावणाच्या सुरुवातीला उत्तरेश्वरच्या दाराला नोटीस लागली: वरची तीन स्वयंपाकघरं साठ दिवसांत काढून टाकावीत.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात नगरपंचायतीच्या फलकावर दुसरा कागद लागला. गावाभोवतीच्या सगळ्या कॉलन्यांसाठी जुनी अट बदलायचा विचार होता. एका भूखंडावर तीन मजले आणि चार कुटुंबांपर्यंत परवानगी. कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत द्यावी, मग सुनावणी होईल.

म्हणजे हिशेब सरळ होता. अट बदलली तर उत्तरेश्वरची नोटीस आपोआप गळून पडणार. नाही बदलली तर वरचा मजला रिकामा करायचा, तोही नेमका रामेश्वर-सुनिताची टोळी निघायच्या सुमाराला.

"मग पोरींना घेऊन मला बी फडावर जावं लागंल," सुंदरबाई जिन्यात बसून म्हणाली. "थोरली सातवीत हाय. यंदा तिला शाळंनं घोषात पुढं उभी केलीय, ड्रम दिलाय गळ्यात."

वनमालाने तोवर एक तोड काढली. निकाल लागेपर्यंत सगळ्यांनी खालीच एका चुलीवर स्वयंपाक करायचा. कुणी पाहायला आलं तर एकच चूल दिसली पाहिजे. बेत चांगला होता, पण एका ओट्यापुढे चार बायका उभ्या राहिल्या. सायलीला घाई, धुळाजीच्या बायकोला प्रत्येक भाजीत ठेचा लागे, आणि सुंदरबाई तव्याला दुसऱ्याचा हात लागू देईना. तिसऱ्या दिवशी आमटीत दोघींनी मीठ घातलं. चौथ्या दिवशी कुणीच घातलं नाही.

"तुमच्या घरात राज्य कुणाचं हाय, वैनी?" धुळाजीने ताटावरून विचारलं.

"आज मिठाचं न्हाई, येवढं कळलंय," वनमाला म्हणाली.

हसले सगळे, पण वरून थाप यायची बंद झाली होती. उत्तरेश्वर पहाटे जागा व्हायचा आणि छताकडे बघत पडायचा.

अशा दिवसांत एके सकाळी बिभीषण गुरुजी चार जणांना घेऊन लिंबाखाली आले.

"उत्तरेश्वर, हरकतीचा अर्ज लिहायचाय."

"कुणाच्या विरोधात, गुरुजी?"

"तुला माहीत नाही का बे? ती नवी अट. आणि त्यात तुझ्या घराचा दाखलाही घाल. भूखंड बावीस, चार चुली. संगणकवाल्याकडून लिहून घेतला तर तो आपली भाषा बिघडवतो. तुझ्यासारखं कुणी लिहीत नाही."

बरोबरचा एक जण खाली बघून हसला. उत्तरेश्वरने गोटा बाजूला केला, वरचा कागद घेतला, पेनचं टोपण काढलं. मग त्याने लिहिलं. स्वतःच्या घराविरुद्ध लिहिलं आणि चांगलं लिहिलं. 'आमच्या वसाहतीत एका भूखंडावर एकच कुटुंब एकाच चुलीवर सुखाने नांदत असून हीच आमची ओळख आहे,' हे वाक्य त्याने वाचून दाखवलं तेव्हा गुरुजींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

घरी ही बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"स्वतःच्या घरावर नांगर फिरवायचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला म्हणं," वनमाला म्हणाली. "वाचून बी दाखवला आसंल."

"नेम हाय माझा."

"नेमाला वाढते मग. नेमच जेवू द्या आज."

पण वाढलं तिने. त्याच्या पानात थोडं तूपही जास्त होतं.

दोन दिवसांनी गुरुजी पुन्हा आले. फलकावरच्या नव्या अटीच्या कागदात एक ओळ होती: प्रत्येक कुटुंबाने एकच हरकत द्यावी, सोबत रहिवासाचा पुरावा जोडावा. गुरुजींना कुणीतरी सांगितलं होतं की हरकती जितक्या जास्त तितकं वजन जास्त. तेवीस घरांच्या तेवीस हरकती, म्हणजे काहीच नाही. म्हणून त्यांनी युक्ती काढली. घरोघरच्या लग्न झालेल्या मुलांची रेशनकार्डं वेगळी होती. तेव्हा प्रत्येक मुलगा वेगळं कुटुंब धरून वेगळी हरकत द्यायची आणि पुरावा म्हणून त्याचं रेशनकार्ड जोडायचं. एका अर्जाच्या झेरॉक्स काढून नावं भरायची, आणि वर सगळ्या अर्जदारांची यादी.

उत्तरेश्वर यादी भरू लागला. चौथ्या नावाला त्याचा हात थांबला. ही रेशनकार्डं वेगळी करण्याचे अर्जही त्यानेच लिहिले होते, याच टेबलावर. प्रत्येकात एक वाक्य होतं: 'अर्जदाराची चूल स्वतंत्र आहे.'

"गुरुजी," तो म्हणाला, "रेशनकार्ड जोडू नका. आधारच्या झेरॉक्सवर भागतं. कार्ड जोडलं तर..."

"तर अर्ज भक्कम होतो. म्हणूनच नको म्हणतोस ना?"

"तसं न्हाई. माझं ऐका जरा. एका घराचा एकच अर्ज द्या."

"उत्तरेश्वर," गुरुजी वर्गात बोलायच्या आवाजात म्हणाले, "तुझा वरचा मजला यात अडकलाय. तुझा सल्ला आम्ही घ्यायचा का? तू लिही."

बरोबरच्यांनी माना डोलावल्या. मग उत्तरेश्वरने सगळी यादी भरली. भूखंड तेवीस, हरकती एकसष्ट.

सुनावणी नगरपंचायतीच्या सभागृहात, सकाळी अकराला. जिल्ह्याहून नगररचनेच्या एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, समोर पाण्याचा तांब्या. कॉलनी झाडून आली होती. बायका एका बाजूला, त्यांच्यात गुरुजींच्या पत्नी कडूबाई. मागच्या बाकावर सुंदरबाई, वनमाला, आणि पालथ्या पंजाने घाम पुसणारा रामेश्वर.

कारकुनाचा घसा बसलेला होता. तो अर्ज वाचायला लागला तर पहिल्या रांगेलाही ऐकू येईना.

गुरुजी उठले. "मॅडम, आमचं म्हणणं नीट वाचलं गेलं पाहिजे. आमच्याकडे माणूस आहे." आणि वळून म्हणाले, "उत्तरेश्वर, ये. तूच लिहिलंस, तूच वाच."

यात थोडा सूड होता, तो सगळ्यांना कळला. सुंदरबाईने वनमालाचा हात धरला. उत्तरेश्वर उठला, टेबलापाशी गेला. चष्मा कपाळावर, कागद हातभर लांब. घसा साफ केला.

आणि वाचलं, जसा तो कुणाचाही अर्ज वाचतो तसा. भूखंड बावीसच्या चार चुलींचा उल्लेख आला तिथे आवाज अडखळला नाही. 'हीच आमची ओळख आहे' या ओळीला टाळ्या पडल्या. मग यादी आली. इथे त्याला दोन गोष्टी करता आल्या असत्या. यादी पुटपुटून संपवता आली असती, किंवा एकेका नावावर घण घालता आला असता. त्याने दोन्हीही केलं नाही. जे लिहिलं होतं ते त्याने सावकाश, स्पष्ट वाचलं.

"अर्जदार एक, बिभीषण गुरुजी, भूखंड नऊ, स्वतंत्र कुटुंब, शिधापत्रिका सोबत. अर्जदार दोन, शिवशंकर बिभीषण, भूखंड नऊ, स्वतंत्र कुटुंब, शिधापत्रिका सोबत. अर्जदार तीन, अमरसिंह बिभीषण, भूखंड नऊ, स्वतंत्र कुटुंब..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "नऊ नंबरला तीन कुटुंबं?"

"नाही मॅडम, एकच," गुरुजी म्हणाले. "ही माझी मुलं."

"मग तीन हरकती कशा? एका कुटुंबाची एकच घ्यायची होती."

"त्यांची कार्डं वेगळी आहेत."

"वेगळं कार्ड केव्हा मिळतं, गुरुजी?"

गुरुजींनी मुलांकडे बघितलं. चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाला उत्तर ठाऊक होतं.

बायकांतून कडूबाई उठल्या. "तीन चुली हायत, बाई. धाकटीचा ग्यास मागं पत्र्याच्या खोलीत हाय. मी कावून खोटं बोलू? सकाळी एकीकडं जेवते, सांजंला दुसरीकडं, अन् यांना वाटतं आमी सगळे एकात हाव."

आधी एक बाई हसली, मग दुसरी. मग पुरुषांच्या बाजूला खांदे हलू लागले, कारण प्रत्येकाला आपल्या घरातली मागची खोली आठवली होती. शेवटी अमरसिंहने, गुरुजींच्या धाकट्या मुलाने, रुमाल तोंडाला लावला.

नगररचनेच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कागद चाळले. "तेवीस भूखंडांवर एकसष्ट कुटुंबं. तुमचीच सही, तुमचाच पुरावा. एका प्लॉटवर अडीचच्या वर झाली." मग उत्तरेश्वरकडे बघितलं. "बावीस नंबरला किती?"

"चार, मॅडम. माझी धरून."

"तुमची काही हरकत?"

"न्हाई. मी नुसता लिहिणारा."

गुरुजी अजून उभेच होते. आता त्यांच्या आवाजातला वर्ग गेला होता. नुसता एक म्हातारा माणूस बोलत होता. "कार्डाचं राहू द्या, मॅडम. पण पाणी आठ दिवसांनी येतं. चोवीस घरांनाच पुरत नाही. उद्या प्रत्येक प्लॉटवर चार-चार घरं उभी राहिली तर प्यायचं काय? नाल्या आताच तुंबतात. तेवढंच भय आहे मला."

कुणीतरी मागून "बसा आता" म्हणालं. तेव्हा उत्तरेश्वरने आयुष्यात पहिल्यांदा आपला दुसरा नेम मोडला.

"मॅडम, हे लिहून घ्या," तो म्हणाला. "गुरुजींचं पाण्याचं खरं हाय. ते अर्जात यायला पायजे होतं, ते माझ्याकडून ऱ्हायलं. 'ज्या भूखंडावर एकाहून अधिक कुटुंबं राहतील तिथं पाण्याची साठवण आणि सांडपाण्याची सोय आधी करावी, मगच वर मजला चढवावा.' असं असू द्या."

बाईंनी त्याच शब्दांत लिहून घेतलं. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "वाचून दाखवा." त्याने दाखवलं. गुरुजी बसले.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस फलकावर कागद लागला. अट बदलली होती. पाण्याची ओळ होती तशीच्या तशी होती. दुसऱ्या कागदात भूखंड बावीसची नोटीस रद्द झाल्याचं लिहिलं होतं. उत्तरेश्वरने तो उभ्याउभ्या दोनदा वाचला, मनातल्या मनात. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून एकदा मोठ्याने वाचला, स्वतःलाच, कारण ऐकल्याशिवाय त्यालाही खरं वाटेना. घराकडे चालताना त्याच्या लक्षात आलं की दोन महिने आपण खांदे कानापाशी धरून चालत होतो.

वनमाला अंगणात होती. त्याचा चेहरा बघून तिने काही विचारलं नाही. जिन्याशी जाऊन वर तोंड केलं आणि हाक दिली, "सुंदरमावशे, तुमचा तवा घेऊन जा माझ्या घरातला."

वरून भांड्यांचा आवाज झाला. धुळाजीची बायको ठेच्याचा खलबत्ता छातीशी धरून अशी वर गेली, जशी काय माहेराहून परत आलीय. सायलीने बाळ नवऱ्याकडे दिलं आणि आपला ओटा दोनदा पुसला.

दसरा झाला आणि टोळीचा ट्रॅक्टर कॉलनीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. सुनिताने मुलींच्या वेण्या घातल्या, थोरलीची रिबीन सोडून पुन्हा बांधली. रामेश्वर उत्तरेश्वरच्या पाया पडला.

"मामा, मायकडं बघा."

"तीच बघती आमच्याकडं," उत्तरेश्वर म्हणाला. "तू जा बिनघोर. सव्वीस जानेवारीला पोरगी ड्रम वाजवील, तवा तुला फोन लावून ऐकवतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीसारखा जागा झाला. आधी जड, सावकाश थाप आली. मग दुहेरी, मध्येच एक ठेका जास्तीचा. मग पळत सुटलेली. तिन्ही जुळल्या. वनमाला म्हणाली, "उठा, चहा ठेवते." उत्तरेश्वर कूस बदलून पुन्हा झोपला, आणि त्या दिवशी पत्र्याचं टेबल एकतीस वर्षांत पहिल्यांदा अकरा वाजता मांडलं गेलं.

तिथे बिभीषण गुरुजी वाट बघत उभे होते. एकटेच.

"किती उशीर," ते म्हणाले. "अर्ज लिहायचाय."

"सांगा गुरुजी."

"धाकट्याचं ते मागचं स्वयंपाकघर. आता परवानगी मिळते म्हणतात. रीतसर करून घ्यावं. पाण्याची टाकी आधी बांधतोय, तेही लिही."

उत्तरेश्वरने गोटा बाजूला केला. लिहायला वेळ लागला नाही. यातलं एक वाक्य त्याने आधीही लिहिलं होतं. लिहून झाल्यावर त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि घसा साफ केला. गुरुजींनी इकडे तिकडे बघितलं. फाटकाशी दहा-बारा माणसं उभी होती.

"वाचायलाच पाहिजे का बे?"

"नेम हाय, गुरुजी."

"मग जरा हळू वाच."

उत्तरेश्वरने खुर्ची पुढे ओढली, कागद दोघांच्या मध्ये धरला आणि गुरुजींनाच ऐकू जाईल इतक्या आवाजात वाचू लागला. 'चूल स्वतंत्र आहे' या ओळीला गुरुजींनी मान हलवली, खिशातलं पेन काढलं आणि सहीची जागा विचारली.